दोनशे चौदाची शेवटची ओळ

आमच्या कंपनीत एक शांत खोली आहे. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माणसं कमी पडतायत, अशी तक्रार आम्ही दोन वर्षं केली, तेव्हा व्यवस्थापनाने माणसं घेतली नाहीत, खोली दिली. फिकट निळ्या भिंती, लोळायला तीन गाद्या, प्लास्टिकचं एक झाड आणि दारावर पाटी : 'इथे कामाचं बोलू नये.' त्या खोलीत कोणी फिरकत नसे. तिथे बसलेल्या माणसाला वेळ आहे असं दिसतं, आणि वेळ दिसला की वरचे लोक त्यात काम भरतात.

त्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं म्हणून मी गेले. आत एक माणूस जमिनीवर मांडी घालून, कानाला हेडफोन लावून बसला होता आणि अगदी मन लावून कामाचं बोलत होता.

"घाई नको, ताई. गोल फिरतंय ना? फिरू दे. दुसऱ्यांदा दाबू नका... दाबलंत? बरं. हरकत नाही. दोघं मिळून पुसू."

मला पाहून त्याने एक बोट वर केलं. मग माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं. त्याचा बंद पडला होता. इतक्या सभ्यपणे मागितलेल्या वस्तूला नाही म्हणणं मला जमत नाही, हा माझा दोष. मी लॅपटॉप उघडला आणि त्याच्याशेजारी बसले.

फोनवर कुठल्यातरी वॉर्डातली नर्स होती. तिने एका पेशंटच्या औषधाची नोंद केली, 'सेव्ह' दाबलं, पडदा अडकला म्हणून पुन्हा दाबलं, आणि यादीत तेच औषध दोनदा आलं. पुढच्या पाळीच्या नर्सला ते दोनदा द्यायचंय असं दिसणार होतं. त्याने तिच्याकडून एक ओळ पुसून घेतली, कागदावरच्या यादीशी ताडून पाहायला सांगितलं आणि म्हणाला, "आणखी काही मदत हवी असल्यास कळवा. एक्स्टेंशन दोनशे चौदा."

"ही चूक कधीपासून आहे?" मी विचारलं.

"नऊ महिने. ताई, तुम्ही टेस्टिंगमधल्या ना? मग तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं. मीच ती लिहिली होती. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या लिहून काढायच्या आणि कोणाचं आवडतं माणूस होण्याची आशा सोडायची, असं ते काम. त्या चुकीपुढे मी 'गंभीर' लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी ते 'मध्यम' केलं आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाले. ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात, म्हणून सगळी कंपनी त्यांना पाठीमागे 'पुढचा आठवडा' म्हणते.

"मला ताई म्हणू नका," मी म्हणाले.

"सवय आहे हो. दिवसाला साठ ताया होतात."

"मला एकसष्टावी व्हायचं नाहीये."

"मग काय म्हणू?"

"एकशे अठ्ठावीस. माझं एक्स्टेंशन."

त्याने ते हातावर पेनने लिहून घेतलं. कंपनीच्या यादीत सगळ्यांचे नंबर असतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. "दोनशे चौदा बोलतोय. तक्रार नोंदवायची आहे."

आमची तक्रार लिहायची रीत ठरलेली आहे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आणि शेवटी गांभीर्य. मी तोच नमुना उघडून बसले. "काय केलं?"

"कॉफीच्या यंत्रातून दोन कप घेतले."

"काय व्हायला हवं होतं?"

"एकशे अठ्ठावीसने यायला हवं होतं."

"काय झालं?"

"दोन्ही मीच प्यायलो."

"गांभीर्य?"

"मध्यम... पण वाढतंय."

मी हसले नाही. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ मी एकाच पडद्याकडे बघत होते आणि त्यावर काय आहे ते मला दिसत नव्हतं. शेजारणीने विचारलं, काही सापडलं का. मी म्हटलं, बहुतेक.

पुढे रोज अकराला तक्रार येऊ लागली. जिन्यात एकशे अठ्ठावीस दिसली पण थांबली नाही. निळी ओढणी मंगळवारनंतर दिसलेली नाही. मी त्या तक्रारी माझ्या वहीत उतरवून घ्यायचे आणि खाली 'तपासून पाहू' असं लिहायचे. दुपारी आम्ही शांत खोलीत बसायचो आणि पाटीचा मान राखून कामाचं बोलायचो नाही. तो आईबद्दल सांगायचा. त्याची आई तीस वर्षं वॉर्डात नर्स होती. घरी आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि दिवसभरातल्या पेशंटची नावं पुटपुटायची, कोणाचं काही राहिलं का ते आठवत.

"म्हणून सपोर्टमध्ये आलो," तो म्हणाला. "पलीकडून कोणी ताई रडकुंडीला आली की वाटतं, आपल्याच घरचा फोन आहे."

तेव्हा त्याचा हात गादीवर माझ्या हातापासून बोटभर अंतरावर होता. मी ते अंतर नीट पाहून ठेवलं. ते कमी व्हावं असं मला फार वाटलं, आणि मी उठून कामाला गेले.

मग ते सर्वेक्षण आलं. वर्षातून एकदा व्यवस्थापन आम्हाला विचारतं, तुम्ही समाधानी आहात का. उत्तरं निनावी असतात. यंदा त्रेसष्ट उत्तरं आली आणि ती नीट लावून सभेसाठी तयार करायचं काम मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी माझ्याकडे दिलं. "तुमची नजर बारीक आहे," त्या म्हणाल्या. टीम लीडची जागा रिकामी आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

बहुतेक उत्तरं नेहमीची होती. खुर्च्या, सुट्ट्या, कामाचा डोंगर, शांत खोलीत खूप शांतता आहे. क्रमांक एक्केचाळीस मात्र वेगळं होतं.

'औषधाची नोंद दोनदा होते. नऊ महिन्यांत माझ्याकडे एकशे तीन नर्सनी तक्रार केली. मी ती एकशे तीन वेळा वर पाठवली. प्रत्येकीला मी सांगितलं, काम चालू आहे. काम चालू नव्हतं. आजवर अनर्थ झाला नाही याचं श्रेय कंपनीचं नाही. त्या बायका अजून कागदावर यादी ठेवतात, त्यांचं आहे. मला एकशे चौथ्यांदा खोटं बोलायला लावू नका. आणखी काही मदत हवी असल्यास कळवा. एक्स्टेंशन दोनशे चौदा.'

मी कपाळाला हात लावला. प्रत्येक मेलखाली हेच लिहून बोटांना सवय लागलेली. निनावी कागदावरही सहीची ओळ उतरली होती. असा वेंधळेपणा सपोर्टवालाच करू जाणे. तो कंत्राटावर होता. कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि 'पुढचा आठवडा' बाकी काहीही पुढे ढकलत असले तरी माणसाला काढायचं ते त्याच आठवड्यात काढत.

मी शेवटच्या दोन वाक्यांवर कर्सर नेला. सहा वर्षांच्या नोकरीत मी कोणाचीही चूक झाकली नव्हती. ती दोन वाक्यं पुसली आणि फाइल पाठवून दिली. मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं, "हे एक्केचाळीस कोणाचं?"

"ओळखू येत नाही," मी म्हणाले.

सभा शुक्रवारी होती. साहेबांनी एक्केचाळिसावं उत्तर पडद्यावर लावलं आणि ते आवाज बदलून वाचलं. काही लोक हसले, कारण पुढच्या रांगेतल्यांना हसावं लागतं. "नाव लपवून लिहिणं सोपं असतं," साहेब म्हणाले. "धमक असती तर खाली सही केली असती."

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"केली होती, सर." दोनशे चौदा उभा होता. "दोन वाक्यं कमी आहेत. शेवटी माझा नंबर होता. मुद्दाम लिहिला होता."

माझे कान तापले. ती सवय नव्हती, सही होती. त्याने हिशोबाने टाकलेलं पाऊल मी वेंधळेपणा समजून पुसलं होतं, आणि आता तो सगळ्यांसमोर सही चुकवणारा ठरत होता. मी उठले. "ती वाक्यं मी काढली. त्यांना विचारलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. टीम लीडची जागा त्या काचांबरोबर पुसली गेली, हे मला उभ्याउभ्याच कळलं. आश्चर्य म्हणजे त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते मागच्या रांगेचं.

सभेनंतर तो शांत खोलीत आला, पण बसला नाही.

"का काढलीत?"

"तुमची नोकरी जाऊ नये म्हणून."

"विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"बरोबर. म्हणून नाही विचारलंत." तो पाटीकडे बघत बोलत होता. "साहेबही असंच करतात ना? आपण गंभीर लिहायचं, त्यांनी मध्यम करायचं. आपल्याच भल्यासाठी."

आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसांशी भांडता येत नाही. तो गेला. मी प्लास्टिकच्या झाडाकडे बघत बसले आणि मला रडू आलं, हे मी इथे लिहून ठेवते, कारण नोंद पूर्ण असावी.

सोमवारी नवी आवृत्ती दवाखान्यांना जायची होती. ती बाहेर जाण्याआधी टेस्टरची सही लागते. साहेबांनी कागद पुढे केला.

"दोनदा होणारी नोंद तशीच आहे," मी म्हणाले.

"ती पुढच्या आठवड्यात बघू."

"मग सहीही पुढच्या आठवड्यात बघू."

त्यांनी मला समजावलं, मग दम दिला, मग मनुष्यबळाच्या बाईंना बोलावलं. मी कागद घडी न पाडता परत सरकवत राहिले. ज्या कामाला नऊ महिने मिळाले नव्हते, ते एका प्रोग्रामरने दीड दिवसात केलं. मी ते चाळीस वेळा दाबून पाहिलं. औषध एकदाच आलं. मी सही केली आणि दोनशे चौदाला फोन लावला. तो उचलून म्हणाला, "पाहिलं. ताया खूश आहेत." फोन ठेवायचा मात्र दोघांचाही राहिला... थोडा वेळ.

त्याचं कंत्राट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी तो वर त्याच्या मजल्यावर सगळ्यांशी हात मिळवून गेला. माझ्या मजल्यावर लिफ्ट थांबली नाही.

अकरा वाजायचे आणि फोन गप्प असायचा. घरी आई विचारायची, "हल्ली तुझं लक्ष कुठंय गं?" मी म्हणायचे, कामात. कामावर विचारलं तर म्हणायचे, घरी. असे पाच आठवडे गेले. मला त्याची आठवण येत होती आणि तिच्यावर इलाज काही नव्हता.

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, अकराला फोन वाजला. बाहेरचा नंबर होता.

"दवाखान्यातून बोलतोय. मी इथे नर्सना तुमचं सॉफ्टवेअर शिकवतो. तक्रार नोंदवायची आहे."

मी आवाज ओळखला. "तक्रारी सपोर्टकडे नोंदवतात."

"तिथला चांगला माणूस गेला म्हणे."

"गेला खरा." मी नमुना उघडला. वही नव्हे, कंपनीचा खराखुरा, जो सपोर्टपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना दिसतो. "काय केलं?"

"एका बाईवर रागावून निघून आलो."

"काय व्हायला हवं होतं?"

"राग आठवडाभर टिकायला हवा होता."

"काय झालं?"

"लिफ्टमध्येच संपला. पण तोवर लिफ्ट खाली गेली होती."

मी टाइप करत होते. त्यालाही की-बोर्डचा आवाज ऐकू जात असणार. "पाच आठवडे का लागले?"

"माझी चूक मी मध्यम करून ठेवली होती."

"माझी चूक गंभीर होती," मी म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. आता विचारते... सगळं लिहू? हे सगळ्यांना दिसतं."

पलीकडे वॉर्डातली ढकलगाडी गेल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "लिहा. आणि खाली लिहा, तक्रारदाराचं एकशे अठ्ठावीसवर प्रेम आहे. आणखी काही मदत हवी असल्यास कळवा."

"गांभीर्य?"

"ते टेस्टर ठरवतात."

मी 'गंभीर' लिहिलं. "आज साडेपाचला सुटते. दवाखान्याच्या दारात येऊ?"

"मला वाटलं, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाल."

"आज."

मी तक्रार पहिल्यापासून एकदा वाचून पाहिली आणि सेव्ह दाबलं. पडदा अडकला, चक्र फिरत राहिलं. मी दुसऱ्यांदा दाबलं नाही. नोंद एकदाच झाली, आणि तिची शेवटची ओळ जशी सांगितली होती तशीच होती.