बरणीला बांधलेला दोरा

पाचोऱ्याहून धुळ्याला एक बरणी पोचवायची, एवढंच काम होतं. बरणी लोणच्याची, काचेची, बेबाबाईने घरूनच घासूनपुसून आणलेली. त्या काळी, म्हणजे सत्याऐंशी साली, रीतच तशी होती. डॉक्टर पोटातला गोळा काढत, नातेवाइकांना दाखवत आणि औषधाच्या पाण्यात घालून त्यांच्याच हाती देत. तपासणी धुळ्याला. नेणार कोण? घरचंच माणूस, एस.टी.ने.

गोळा बेबाबाईच्या धाकट्या बहिणीच्या, भिकुबाईच्या पोटातला. नारळाएवढा, गुळगुळीत, पिवळट. डॉक्टरांनी तो कापला नव्हता. आत काय आहे ते धुळ्याला बघतील, म्हणाले. वाईट निघालं तर हिला लगेच मुंबईला न्यावं लागेल, पण तपासणीचा कागद आल्याशिवाय काहीच ठरवता येणार नाही. बेबाबाईला जास्त समजवावं लागलं नाही. दोघी बहिणींची आई अशाच गोळ्याने गेली होती. तो ना कोणी काढला, ना कोणी तपासला. भगताने अंगारा लावला आणि तीन महिन्यांत आईने डोळे मिटले.

भिकुबाईची सासू झुंबरबाई दवाखान्यात तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसून होती, ती आता उठली. कनवटीचा काळा सुती दोरा काढून तिने दाताने त्याचे दोन तुकडे केले. एक सुनेच्या मनगटाला सैलसर बांधला, दुसरा बरणीच्या गळ्याला, दोन गाठी मारून. मग बेबाबाईला जवळ ओढून हळूच म्हणाली,

“तो गोळा नही, जीव शे. तिना संगे जल्मेल शे. गिरना वलांडू नको, पुलवरथीन नदीमा टाकी दे... दूर लयी जाशी, तं तो तिले बी ओढी लयी जाई.”

“अक्का, नदीमा टाकसू तं कागद कोन दी? नदी दी का?” एवढं बोलून बेबाबाईने बरणी पिशवीत घातली.

वैशाखातली दुपार. गाडीचा पत्रा तापून लाल, खिडकीतून येणारा वारा चुलीतल्या धगीसारखा. मांडीवरच्या पिशवीतून औषधाचा वास डोळ्यांत झोंबत होता. भडगाव आलं, पुढे गिरणेचा पूल. नदी कोरडी, नुसती पांढरी वाळू. पुलावर चाक चढलं आणि बरणी जड झाली, मांडीत रुतायला लागली. बेबाबाईचा हात नकळत घंटीच्या दोरीकडे गेला. गाडी थांबवावी, वाळूत टाकून द्यावं, सुटावं. दोरी हाताला लागलीही. तेवढ्यात तिला आईचं शेवटचं तोंड आठवलं, वाळलेल्या कारल्यासारखं झालेलं. तिने हात खाली घेतला आणि पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळून घेतले.

पूल संपला आणि आवाज सुरू झाला. टक. टक टक.

गाडीच्या हादऱ्याने बरणी वाजतेय, असं तिने मनाला सांगितलं. पारोळ्याला गाडी चहापाण्याला उभी राहिली. इंजीन बंद झालं, लोक उतरले. गाडीत उरले ती आणि शेजारचे एक म्हातारे आबा.

टक. टक टक.

आबा डोळे मिटूनच म्हणाले, “बाई, लेकरू कवपासून वाजाडी राहिनं. खुळखुळा शे का?”

“लोनचं शे, आबा.”

आबांनी डोळे उघडले. पिशवीकडे पाहिलं. मग आपलं गाठोडं घेऊन ते पुढच्या बाकावर जाऊन बसले.

बेबाबाईने पिशवीला कान लावला. काचेवर मांस आपटलं तर असं वाजत नाही, हे तिला कळत होतं. काहीतरी कठीण होतं आत, बारीक, आणि ते थांबून थांबून, ऐकत असल्यासारखं वाजत होतं. तिने पिशवी तोंडाजवळ घेतली.

“वाजाड,” ती म्हणाली. “धुयापावत वाजाड. तुले कापीसन दखाले लावस मी... मंग बोल.”

आवाज थांबला. तो थांबला, याचीच तिला जास्त भीती वाटली.

धुळ्याला तपासणीच्या खिडकीवर तिने बरणी बाहेर काढली. झाकणावर डॉक्टरांनी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. गळ्याचा काळा दोरा तेवढा नव्हता. पिशवी झटकून पाहिली, त्यातही नव्हता. वाटेत तुटून पडला असेल म्हणून तिने बरणी आणि डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीत दिली आणि परतीची गाडी धरली.

आठव्या दिवशी कागद आला. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच वाचला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. कॅन्सर नव्हता. जन्मापासूनचा गोळा, कोणाकोणाच्या पोटात असतो, त्यात केस निघतात, दातही निघतात. हिच्या गोळ्यात तीन दात निघाले होते. आता काळजी नाही, टाके वाळले की घरी न्या, असं म्हणत त्यांनी कागद दुमडला, आणि पुन्हा उघडला.

“हे काय लिहिलंय... गोळ्याच्या आत, दातांत धरलेला काळा सुती दोरा. दोन गाठी.”

बेबाबाईने विचारलं, गोळ्याला कुठे चीर होती का?

“नाही. कापेपर्यंत अखंड होता.” त्यांनी मान हलवली. लिहिणाऱ्याची चूक असेल, म्हणाले.

ती वॉर्डात आली. भिकुबाई भर दुपारची गाढ झोपली होती. सैल बांधलेला मनगटातला दोरा आता मांसात रुतला होता, पंजा निळसर पडला होता. झुंबरबाई हात जोडून, तोडू नको, तोडू नको म्हणत होती. बेबाबाई वाकली, दोरा दातांत धरला, एका हिसक्याने तोडला आणि खिडकीबाहेर थुंकून टाकला.

“आते ओढ म्हना त्याले.”

भिकुबाईचा हात चादरीवरून हळूहळू वर उठला. ती झोपेतच होती. हात ताणला गेला, मनगट आधी, बोटं मागे लोंबती, ओढ मावळतीकडे, जिकडे धुळं.

बेबाबाईने ते मनगट दोन्ही हातांनी धरलं. खाटेच्या पट्टीला पाय रेटून ती उभी राहिली, आणि सोडलं नाही.