दोन स्पीकरच्या मधात

बुलढाण्याला थंडी पडली की भाऊरावांच्या स्टिरिओचा एक स्पीकर खोकायला लागे. यंदा तो खोकलासुद्धा नाही. दिवाळीनंतर एका सकाळी जरा घरघरला आणि कायमचा गप्प झाला.

भाऊराव कॉलेजात ग्रंथपाल होते. एकोणनव्वद साली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, त्यांनी ही स्पीकरची जोडी घेतली होती. जोडी आपली म्हणायची. एक स्पीकर हॉलमध्ये आणि दुसरा स्वयंपाकघरात फडताळावर. बायकोला भाकरी थापताना गाणं ऐकू यावं म्हणून. पस्तीस वर्षं तेलाचा धूर खाऊन फडताळावरच्या स्पीकरचा फोम गळून पडला, तेव्हा भाऊरावांनी ठरवून टाकलं, आता ठिगळं नकोत. नवा अ‍ॅम्प्लिफायर, नवे दोन स्पीकर, आणि दोन्ही हॉलमध्येच, मांडायला हवेत तसे.

त्यांची बायको महामाया. सहाव्या वर्षी गोवरात तिची दृष्टी गेली. पण तिनं तीस वर्षं सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि अर्ध्या जिल्ह्याचे आवाज तिला पाठ झाले. वरवट बकालचा तलाठी नुसता खाकरला तरी ती त्याचं नाव सांगायची. भाऊराव चारचौघांत म्हणायचे, "म्या हिले फोनवरच पसंत केलं."

नुसते आवाज ओळखण्यापुरतं ते नव्हतं. वाटेत म्हैस बसलीय, दार अर्धं लोटलंय, कुणी समोर येऊन न बोलता उभं राहिलंय, हे सगळं तिला कळायचं. कसं, ते ती साध्या शब्दांत सांगे. उन्हात माणूस उभा राहिला की त्याची सावली पडते ना, तशी आवाजातही पडते. पलीकडून येणारा आवाज त्याच्या अंगाला अडतो आणि तेवढी जागा मुकी होते.

तर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास धम्मरत्न आला. बसस्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान. चाळिशीचा, कामात चोख माणूस. "जयभीम काका, जयभीम काकू," म्हणत त्यानं खोकी फोडली. थर्माकोलचा आणि नव्या प्लायचा वास घरभर पसरला. हॉलच्या खिडकीच्या दोन बाजूंना त्यानं दोन स्पीकर उभे केले, दोरीनं अंतर मोजलं आणि महामायाची खुर्ची बरोबर समोर ओढून ठेवली.

"बसा काकू. आता ऐका."

एक जुनं भावगीत लागलं. महामायाच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

"अहो... ही बाई मधात कुठून येऊन उभी राह्यली?"

धम्मरत्न खूश होऊन हसला. "यालेच तर स्टिरिओ म्हणतात काकू! दोन्ही डब्ब्यांतून सारखाच आवाज येते. मधात काहीच नसते. पण कान फसते. त्याले वाटते, कोणीतरी मधात उभं राहून गाऊन राह्यलं."

"म्हणजे तिथं कोणीच नाही?"

"खिडकी आहे फक्त."

गाणं संपलं. धम्मरत्ननं बटण बंद केलं, चहा घेतला आणि तो गेला. भाऊराव त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. महामाया मात्र कप हातात धरून तशीच बसून राहिली.

गल्लीच्या पलीकडे हिंमतरावांची पिठाची गिरणी आहे. सकाळी दहाला सुरू होते ती एकपर्यंत. तिची घरघर त्या खिडकीतून आत येते; इतक्या वर्षांत महामायाला तिची भिंतीसारखी सवय झालेली. आज त्या घरघरीचा एक तुकडा नव्हता. बरोबर खिडकीच्या पुढ्यात, माणसाच्या खांद्याएवढ्या रुंदीची जागा मुकी होती. गाणारी बाई गेली होती. तिची जागा रिकामी झाली नव्हती.

भाऊराव परत आले तशी तिनं विचारलं, "खिडकीसमोर काही ठेवलं का तुम्ही?"

"नाई बा. काऊन?"

"जरा तठी हात फिरवून पाहा ना."

भाऊरावांनी हात फिरवला. मग तिची समजूत पटावी म्हणून ते खिडकीपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. महामाया ऐकत होती. भाऊरावांची मुकी जागा सरकत गेली, त्या दुसरीला मिळाली, दोहोंची एक झाली आणि पलीकडे जाऊन पुन्हा दोन झाल्या.

"काही नाई व तठी," भाऊराव म्हणाले.

तिथं काहीच नव्हतं, तर ती जागा मुकी कशी? पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. कान फसते, असं धम्मरत्न म्हणाला होता. लोकांचे कान फसले तर ते डोळ्यांनी पाहतात. तिचे फसले तर तिच्यापाशी काय उरत होतं?

गुरुवारी भाऊराव तिला कानाच्या तपासणीला घेऊन गेले. तपासणारी मुलगी, वैष्णवी नावाची, फार मायेनं बोलत होती. तिनं कानाला यंत्र लावलं, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, आणि शेवटी म्हणाली, "मावशी, या वयात असे कान मी पाह्यले नाहीत. काहीच दोष नाही."

भाऊराव वाटभर आनंदात होते. कानात दोष निघाला असता तर बरं झालं असतं, असं महामायाला पहिल्यांदाच वाटत होतं.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली आणि गिरणीकडे कान लावला. मुकी जागा खिडकीपाशी नव्हती. ती अलीकडे आली होती.

शुक्रवारी आणखी अलीकडे. गाणं लावलेलं असो की बटण बंद असो, फरक पडत नव्हता. सरकताना महामायानं त्या जागेला कधी ऐकलं नाही. पायरव नाही, श्वास नाही, कपड्यांची सळसळ नाही. फक्त पुन्हा येऊन बसलं की अंतर कमी झालेलं असायचं. शनिवारी ती इतकी जवळ होती की हात लांब केला असता तर लागली असती. महामायानं हात लांब केला नाही. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले.

"अहो..."

"काय व?"

"हे स्पीकर परत पाठवा. मले नको."

रोज सकाळी आंघोळ करून भाऊराव त्या स्पीकरसमोर बसत होते, लहान पोरासारखे. त्यांनी विचारलं, "अजून तठी कोणी उभं आहे म्हणतं का तू?"

"आता तठी नाही. अठी आहे. माह्या समोर." तिचा आवाज खाली गेला. "का नाहीच काही, आणि मीच... मले काहीच समजून नाही राह्यलं."

"बरं. धम्मरत्नले फोन करतो, उद्या घेऊन जाईल." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, उठून ते तिच्याजवळ आले. "पण तुह्या मनातून निघालं पाहिजे ना. सांग, कुठं आहे? मी उभा राह्यतो तठी. माणूस उभा राह्यल्यावर कसं वाटते अन् आता कसं वाटते, ते तूच ताडून पाह्य."

तिला ते पटलं. पुढे ती स्वतःला याच गोष्टीसाठी दोष देत राहिली, की तिला ते पटलं आणि तिनंच त्यांना जागा दाखवली.

"जरासे डाव्या हाताले. अजून एक पाऊल. हां... तिथंच."

भाऊराव त्या जागेत उभे राहिले. महामायानं कान टवकारले. दोन मुक्या जागा एकमेकींत अशा बसल्या की कड कुठे उरली नाही. तीच उंची, तीच रुंदी. उजवा खांदा जरा पडलेला, तोही तसाच. पस्तीस वर्षं तिच्या ओळखीची सावली. इतके दिवस ती कशी ओळखू आली नाही याचंच तिला नवल वाटलं.

"झालं?" भाऊराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"झालं. सरका."

ते बाजूला झाले आणि गिरणीची घरघर खिडकीतून भरभरून आत आली. अख्खी, एकही तुकडा न गमावता. महामायाला रडूच फुटलं. "गेलं हो... काहीच नाही आता. राहू द्या स्पीकर."

त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. भाऊरावांनी दोन खाल्ल्या. संध्याकाळी दोघांनी मिळून गाणी ऐकली. रविवारी गिरणी बंद असते, तो दिवसही सुखात गेला.

सोमवारी अकराच्या सुमारास ती खुर्चीत बसून मेथी निवडत होती. भाऊराव समोर खिडकीत स्टूल टाकून पेपर वाचत होते. कागद वाजत होता. मधूनच ते एखादी बातमी मोठ्यानं सांगत होते. मेथीच्या काड्या मोडता मोडता तिचा हात थांबला.

गिरणी चालू होती. घरघर अख्खी आत येत होती. भाऊराव जिथं बसले होते तिथूनही.

ती उठली. चाचपत पुढे गेली आणि तिनं त्यांचा हात धरला. हात उबदार होता. बोटांना पेपरची शाई लागलेली, तिचा वास येत होता. मनगटात नाडी उडत होती. आणि तरी गिरणीचा आवाज त्यांच्यातून आरपार तिच्यापर्यंत येत होता, उघड्या दारातून यावा तसा.

"काय झालं व? हात किती गार पडला तुहा."

"काही नाही... तुम्ही बोला. काहीही बोला."

"काय बोलू? हां, समताले फोन कर." समता म्हणजे त्यांची लेक, नागपूरला असते. "म्हणावं, अठी लय थंडी पडली. येतानी माह्यासाठी एक स्वे..."

त्याच क्षणी लाइट गेली. फ्रीजची गुणगुण थांबली. पलीकडे गिरणीचा पट्टा फटफटत थांबला. गल्ली सुनी झाली.

महामाया उरलेल्या शब्दाची वाट पाहत राहिली. तो आला नाही. श्वास ऐकू येईना, कागद वाजेना.

"अहो..."

तिनं त्यांचं मनगट चाचपलं. नाडी शांतपणे, नेमानं उडत होती. बोटं तिच्या बोटांत तशीच गुंफलेली, उबदार. तिनं त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. ओठ उघडे होते, शब्दाच्या मधात थांबल्यासारखे.

शेजारच्या घरातल्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली. मग गिरणी गुरगुरली, फ्रीज गुणगुणू लागला.

"...टर घेऊन येजो," भाऊराव म्हणाले. "लोकरीचा. बाह्यावाला."

महामायानं त्यांचा हात घट्ट धरला.

"तुम्ही... मधातच काऊन थांबले होते?"

"मी?" भाऊराव मोकळं हसले आणि त्यांनी तिचा हात थोपटला. "कुठं थांबलो? एका दमात तर बोललो."