तिठ्यावरचा खांब

ही गोष्ट खरी आहे. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी चहा टाकायला उठते. पण हे माझ्या सख्ख्या मामेभावाच्या बाबतीत घडलंय. वहिनी तिथे होती, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा मोटरसायकलवरून लोकांना डोंगरात फिरवून आणायचा. सहा दिवसांची सफर. रस्ता घाटाघाटाने वर चढत जायचा, आणि मुक्काम डोंगरातल्या जुन्या जमातींच्या गावांत. त्यांची भाषा निराळी, घरं लाकडी. आपण हातवारे करून बोलायचं.

दादा सगळ्यात पुढे. मधे गिऱ्हाईक. सगळ्यात मागे वहिनी. तिला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे.

“लग्नापासून मी ह्यांच्या मागेच आहे,” ती हसून म्हणायची. “आता निदान त्याचे पैसे तरी मिळतात.”

आता त्यांचा एक नियम नीट ऐका. तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

जिथे रस्ता फुटतो, तिथे दादाच्या मागचा पहिला माणूस थांबायचा. त्याला म्हणायचे ‘खांब’. त्याने हात लांब करून मागच्यांना बरोबर रस्ता दाखवायचा. एकेक जण पुढे जाणार. खांब मात्र हलणार नाही. शेवटी शेपूट येणार, डावा हात वर करणार, म्हणजे खांब मोकळा. मग त्याने शेपटाच्या पुढे निघायचं.

एकट्याने नाही. पुढे खांब, मागे शेपूट.

“आभाळ कोसळलं तरी जागा सोडायची नाही,” दादा पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम भरायचा.

पण एका तिठ्यावर दादा कधीच कुणाला थांबवायचा नाही...

तिसऱ्या दिवशीच्या मुक्कामाआधी तो तिठा लागायचा. उजवीकडे गाव. डावीकडचा रस्ता दरड कोसळून तुटलेला, खाली सरळ दरी. खरं तर खांब हवा तो तिथेच! पण दादा एक किलोमीटर अलीकडे सगळ्यांना गोळा करायचा आणि घोळक्याने तिठा पार करायचा. का, ते वहिनीने दहादा विचारलं. दादा ताकास तूर लागू देत नव्हता.

त्या दिवशी दुपारचे साडेचार वाजले होते. धुकं इतकं दाट, की पुढच्या गाडीचा लाल दिवाही धड दिसेना.

तिठ्याच्या अलीकडे सगळे जमले, आणि वहिनीची गाडी बंद पडली.

“प्लग ओला झालाय. पाच मिनिटांचं काम आहे,” ती म्हणाली. “तुम्ही निघा. माणसं गारठलीयेत.”

“तू एकटी येशील?”

“अहो, बारावी खेप आहे माझी. डोळे मिटून येईन.”

दादा सहा जणांना घेऊन निघाला.

तिठा आला. इथे एकाला थांबवायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. 

पण तो तसाच पुढे गेला.

गावात पोचायला पंधरा मिनिटं लागली. घरमालकिणीने दार उघडलं. म्हातारी, गप्प बाई. तिने चूल पेटवली. सगळे हात शेकत बसले. दादा मात्र अंगणात उभा.

वीस मिनिटं झाली...

पस्तीस झाली...

 मन चिंती ते वैरी न चिंती. धुक्यात ती डावीकडे वळली असेल तर? बायकोला आपण आपल्या हाताने दरीकडे पाठवलं?

त्याने गाडीला किल्ली लावली, आणि तेवढ्यात लांबून आवाज आला.

इंजिनाचा.

एक नाही... दोन.

पुढचा आवाज जुन्या गाडीचा होता. जड, थांबून थांबून येणारा. तो अंगणाच्या कुंपणापर्यंत आला आणि बंद झाला. धुक्यात कुणीच दिसेना. मागून वहिनी आत आली.

एकटी.

दादाने धावत जाऊन तिला धरलं. चारचौघांत कधी हात न धरणारा माणूस, पण रडायचाच बाकी होता.

“अहो, काय झालं? मी आले ना!” वहिनी चकितच झाली. मग मागे वळून म्हणाली, “तो कुठे गेला?”

“कोण?”

“तुम्ही ठेवलेला खांब. तुमच्या कुणी जुन्या ओळखीचा असावा. माझ्या पुढेच तर होता. बरं झालं बाई ठेवलात. मी डावीकडेच वळत होते. आडवा हात करून उभा राहिला म्हणून वाचले.”

दादा धावत आत गेला.

आत चुलीपाशी सहा माणसं होती. त्याने तीनदा मोजली. सहाच.

घरमालकीण सूप वाढत होती. तिने वाडगे मांडले... नऊ.

माणसं आठ. दादाने बोटांनी आठ दाखवले. म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. त्याच्या खांद्यावरून कुंपणाकडे पाहिलं, आणि नववा वाडगा उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला.

“काय बोलला तो तुझ्याशी?” दादाने वहिनीला हळूच विचारलं.

“मी हात वर केला, तरी हलेना. म्हणाला, ‘तुम्ही शेपूट नाही. शेपूट म्हणजे एक पोरगेला माणूस होता. निळं जाकीट. तो कुठाय?’”

“मग? तू काय सांगितलंस?”

“तुम्हीच नव्हतात का आधी शेपूट, जुन्या मालकाकडे? मी म्हटलं, ‘ते आता पुढे असतात. चला, भेटवते तुम्हाला.’”

बाहेर कुंपणापाशी पुन्हा इंजिन सुरू झालं...

बराच वेळ ते नुसतं चालू राहिलं. बाहेर बघायला कुणीच उठलं नाही.

त्या संध्याकाळी दादाने बायकोला सगळं सांगितलं. लग्नाआधीचं. दादा तेव्हा दुसऱ्या एका मालकाच्या सफरीत शेपूट होता. त्याच तिठ्यावर मालकाने एका गिऱ्हाइकाला खांब केलं होतं. जमीन मोजणारा, शांत, नियमाचा पक्का माणूस. तिठ्याच्या अलीकडेच दादाच्या क्लचची वायर तुटली. तेवढ्यात खालच्या रस्त्याने जाणारा ट्रक मिळाला. दादा गाडी टाकून निघून गेला. मालक परत येऊन खांबाला नेईल, असं त्याला वाटलं. मालकाला वाटलं, खांब आणि शेपूट एकत्र आहेत, कुठेतरी मुक्काम केला असेल.

सकाळी तो माणूस तिठ्यावरच सापडला. गाडीला पाठ टेकून बसलेला. थंडीने गेला होता.

जागा सोडली नव्हती.

आणि दादा सगळ्यांना काय म्हणाला होता? “मी तिठ्यापर्यंत गेलो होतो. तिथे कुणीच नव्हतं. तो आपणहून कुठेतरी भटकला असेल, मग परत आला असेल.”

लोकांनी मेलेल्या माणसालाच बोल लावला.

ऐकून वहिनी दादाशी दोन दिवस बोलली नाही. मीही बोलले नसते.

सफर पुरी झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. घरी आल्यावर दादाने धंदा बंद केला, गाड्या विकल्या. स्वतःची तेवढी ठेवली.

वाटलं, संपलं.

आठव्या दिवशी दुपारी साडेचारला घराच्या फाटकाबाहेर इंजिनाचा आवाज आला. जड. थांबून थांबून. दादा बाहेर गेला. रस्ता रिकामा होता...

आवाज मात्र होता.

मग रोजच. दादाने फाटकात उभं राहून माफी मागितली. मोठ्याने, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने. मोजणीवाल्याच्या आईकडे जाऊन खरं काय ते सांगून आला. त्या माऊलीने दार लावून घेतलं. परत आल्यावर दादाने फाटकात डावा हात वर केला. “जा. मोकळा आहेस तू.”

आवाज जागचा हलला नाही.

तेव्हा दादाला कळलं. खांब एकटा निघत नाही. मागे शेपूट लागतं.

वहिनीने त्याच दिवशी गाडीची किल्ली काढून घेतली. ती रात्रंदिवस तिच्या कमरेला असायची.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. म्हटलं, नवराबायकोच्या डोक्यात काहीतरी बसलंय, दोन दिवसांत काढते. साडेचारला आम्ही चहा पीत होतो. कपबशी वाजायला लागली. बारीक... थरथरत. मग तो आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. फाटकापाशी जमिनीवरची धूळ मात्र एकाच जागी उडत होती.

दादाने कप ठेवला. त्याच्या पायात बूट होते. घरात, दुपारी, लेस घट्ट बांधलेले बूट! वहिनी उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.  अर्ध्या तासाने आवाज थांबला.

मी रात्रीचीच गाडी पकडली. हो, पळाले. लाज कसली?

परवा वहिनीचा फोन आला. रडत नव्हती. अगदी शांत होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“ताई,” ती म्हणाली, “त्याने त्या दिवशी हात आडवा केला नसता तर मी दरीत असते. ज्याने मला वाचवलं, त्याला मी तीन वर्षं दारात उभं ठेवलंय. तुम्हीच सांगा, अजून किती दिवस ठेवू?”

 मी फक्त विचारलं, “किल्ली कुठे आहे?”



“ह्यांच्यापुढे टेबलावर ठेवलीये,” ती म्हणाली.