फुरकानची दुसरी पिशवी

मे महिन्यात महाडला माणूस सावलीत बसूनही निथळतो. अशा उन्हात माझा धाकटा भाऊ फुरकान स्वेटर घालून कशेडी घाटापार टेम्पो हाकायचा. बाजारात लोक विचारायचे, "काय रे, काश्मीरला चाललास?" सुरुवातीला आम्हीही हसलो.

त्याआधी काय झालं ते सांगते, म्हणजे कळेल. मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. तपासणीत फुरकानच्या पेशी माझ्याशी जुळल्या. मुंबईच्या हॉस्पिटलात त्याला यंत्राला जोडून रक्तातल्या मूळपेशी काढल्या, ज्यांच्यापासून नवं रक्त तयार होतं. नेमका मला ताप भरला, म्हणून त्या लगेच देता येईनात. दोन पिशव्यांत भरून त्या गोठवून ठेवल्या. त्याच संध्याकाळी एसटीने घरी येताना फुरकान कुडकुडायला लागला.

थर्मामीटरमध्ये काहीच दिसायचं नाही. पण तो बोलला की तोंडातून वाफ निघायची. ऐन वैशाखात! अम्मीने दर्ग्यावर चादर चढवली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला हे पटत नव्हतं, आणि डोळ्यांना तर दिसत होतं.

माझा ताप उतरल्यावर डॉक्टरांनी एक पिशवी खाटेशेजारीच कोमट पाण्यात वितळवली. ती नळीतून अंगात जाताना, गोठवण्यासाठी मिसळलेल्या औषधाचा, खोलीभर करपलेल्या लसणासारखा वास सुटला. काचेपलीकडे फुरकान बसला होता. त्याने स्वेटरची डावी बाही काढली, हात हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघून हसला. उजवी बाही तशीच राहिली.

मी बरी झाले, शाळेत जाऊ लागले. दुसरी पिशवी डॉक्टरांनी राखून ठेवली. आजार उलटला तर लागेल म्हणून.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? पिशवी ठेवावी, तर त्याचं अर्धं अंग गारठलेलं. त्याला ऊब मिळायची, तर मी पुन्हा आजारी पडायला हवं. टाकून द्या म्हणावं, तर त्याच्या त्या अर्ध्या अंगाचं काय होईल, हे कुठल्या डॉक्टरला विचारू? एकदा ओट्यावर बसून मी विषय काढलाच.

"फेकू नको गो आपा," तो हळूच म्हणाला. "एका हाताला थंडी... चालतंय मला. तू हायस ना?"

मला रडू आवरेना.

असे बरेच उन्हाळे गेले. मग एका दुपारी त्याने टेम्पो दारात लावला आणि आत आला तो घामाने डबडबलेला! स्वेटर खांद्यावर. अम्मीने नाचायचंच बाकी ठेवलं होतं. मला मात्र वेगळीच शंका आली. पिशवी वितळून बिघडली असणार. मी आतल्या खोलीतून हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या बाईंनी जाऊन पाहिलं. पिशवी जागेवर होती, तशीच गोठलेली. कोणी हातही लावला नव्हता.

मी बाहेर आले. "बघ आपा, किती गरम हाय..." म्हणत फुरकानने माझा उजवा हात धरला. आणि पटकन सोडला.

"आपा... तुझा हात..."

मी तो ओढणीखाली घेतला. "अरे, माठातलं पाणी काढत होते," म्हटलं, आणि त्याचं ताट करायला वळले.

अम्मी माझ्यावर रागावली, डाव्या हाताने कुणी वाढतं का म्हणून.