तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

दिवा राहू दे बंदच. अंधारात ऐकायची हौस तुमचीच, मग आता एकमेकांना बिलगायचं नाही. आणि भाचेबाई, तू मध्येच हसलीस तर मी गप्प बसेन. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे हे. मान खाली घालून सांगितलं होतं त्याने मला.

त्याला आम्ही पोस्टमन म्हणायचो. पोस्टात नव्हता तो, वकिलाच्या ऑफिसात होता. शहरातलं जुनं घर पाडायचं ठरलं की तिथे पूर्वी राहून गेलेली माणसं शोधून काढायची, हे त्याचं काम. जो सापडेल त्याला नव्या इमारतीत खोली मिळायची. न सापडणाऱ्याची खोली मालकाच्या घशात. हा पठ्ठ्या मालकाला काही विचारायचाच नाही, सरळ जवळचं औषधांचं दुकान गाठायचा. म्हणायचा, माणूस घर सोडतो, पण औषधवाला सोडत नाही.

एकदा एका तीन मजली घराचं काम आलं. मालक म्हणजे ह्याचाच मेहुणा, बायकोचा भाऊ. खालच्या मजल्यांवरचे लोक चुटकीसरशी सापडले. तिसऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई एकट्या राहायच्या. पाय मोडला म्हणून गेल्या, त्या परतल्याच नाहीत. औषधवाला म्हणाला, त्यांचे डोळ्यांचे थेंब अजून वृद्धाश्रमात पाठवतो मी. हा गेला, भेटला. बाईंनी ह्याचा हात धरला.

"पाय बरा झाला की येते. माझी खोली ठेवाल ना?"

"ठेवतो की, मावशी."

त्या रात्री मेहुणा जेवायला आला. म्हणाला, "भावोजी, सगळेच कशाला सापडायला हवेत?" बायको वाढता वाढता थांबली. दुसऱ्या दिवशी ह्याने वकीलसाहेबांना सांगितलं, बाईंचा काही थांगपत्ता लागत नाही. एवढंच केलं त्याने. मारलं नाही, लुटलं नाही. फक्त एक वाक्य बोलला.

पाडकामाच्या आदल्या दिवशी रिकाम्या घरात एक फेरी मारायची त्या ऑफिसची पद्धत असते. कोणी आडोशाला येऊन झोपलेलं असलं तर? म्हणून प्रत्येक मजल्यावर हाक द्यायची, थांबायचं, कानोसा घ्यायचा. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता. रात्रीचे साडेआठ. वीज तोडलेली. रखवालदाराला खाली बसवून पोस्टमन टॉर्च घेऊन वर गेला.

पहिला मजला. "कोणी आहे का?" काही नाही.

दुसरा. काही नाही.

तिसऱ्यावर त्याने हाक दिलीच नाही. त्या दारासमोर तोंडच उघडेना. तसाच वळला...

"मी आहे."

दाराआडून. बाईंचाच आवाज.

"पाय बरा झाला हो. आले जिने चढून."

भीती? छे रे. भूत वगैरे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याला वाटलं, बाई खरंच आल्या. आणि शरमेनं मेल्याहून मेला तो. आता दार उघडायचं म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघायचं. हात कडीपर्यंत गेला...

"खोली ठेवलीत ना?"

...

"ठेवलीत ना?"

...

त्याने टॉर्च विझवला. चपला हातात घेतल्या. भिंत चाचपत चोरासारखा खाली उतरला.

रखवालदाराने विचारलं, "वर कोणी?"

"कोणी नाही."

जिवंत बाई वर बसली आहे, असं समजून म्हणाला हे. सकाळी घर पडणार, हे माहीत असून. हस आता, भाचेबाई.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडता उजाडता धावत सुटला. कामगार छतावर चढलेले. वर बाई आहेत, थांबा, असं ओरडत ह्याने जिने गाठले. दार उघडलं. खोली रिकामी. निळ्या भिंती, जमिनीवर बोटभर धूळ, आणि धुळीत एकसुद्धा पाऊल नाही.

तसाच औषधवाल्याकडे गेला.

"त्या? गेल्या की हो, महिना झाला. शेवटपर्यंत विचारत होत्या, खोलीवाल्या साहेबांचा निरोप आला का म्हणून."

त्याच दिवशी ह्याने वकीलसाहेबांना खरं काय ते सांगितलं. नोकरी गेली. मेहुण्याने बोलणं टाकलं. पण खोली आता द्यायची कुणाला? मला सांगताना रडत होता. म्हणाला, एकदा फसवलं ते मेहुण्यासाठी. दुसऱ्यांदा कुणासाठी रे?

घर पडलं. शेजारच्या इमारतीला चिकटलेली एक भिंत तेवढी राहिली. तिच्यावर उंच, तिसऱ्या मजल्यापाशी, निळा चौकोन. जिना नाही, जमीन नाही. नुसता चौकोन, त्यात एक खुंटी आणि खुंटीवर टॉवेल. कामगारांनी शिडी लावून तो काढला. सकाळी पुन्हा तिथेच. मला पटेना, म्हणून पोस्टमन मला घेऊन गेला. दुपारचं कडक ऊन. कित्येक दिवसांत पावसाचं नाव नव्हतं.

टॉवेल ओला होता... कोणीतरी आत्ताच तोंड पुसून अडकवावा तसा. पाणी ठिबकत होतं. खालची माती भिजली होती.