कुंपणावरचा राबता माणूस

ही गोष्ट खरी आहे. चौथी शिकलेली बाई भुतंच बघणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच थांबावं. तुम्हाला पटवायला मी बसलेली नाही.

साल २००७. न्यूझीलंडमधलं पापाकुरा. माझ्या मुलाचं, शिरीषचं घर.

शिरीषनं पेनरोजच्या भंगारवाल्याकडून सिमेंटच्या बारा फरशा आणल्या आणि मागच्या कुंपणाला ठोकल्या.

"आई, फ्रान्सच्या एका चर्चवर आठशे वर्षांपूर्वी कोरलंय हे. ही त्याची नक्कल. एकेका महिन्याचं शेतकाम."

बाराही फरशांवर एकच माणूस. कुठं वेल छाटतोय, कुठं कापणी करतोय. तोंड अगदी खुळ्याचं.

"विळा धरायची अक्कल नाही मेल्याला," मी म्हटलं.

"आईंच्या हाताखाली ठेवा त्याला," सून म्हणाली. मेधा तिचं नाव. जीभ माझ्यासारखीच, काम मात्र शून्य.

मार्चमधल्या एका सकाळी बघते तर कुंपणावरचा द्राक्षवेल छाटलेला...

पिकल्या घडांसकट.

घरात कुणीच कात्री लावली नव्हती. फरशीवर मार्चचं काम तेच होतं.

मी तासगावची. द्राक्षबागेत हाडं झिजली माझी. तरातरा गेले त्या फरशीपुढं.

"गाढवा, घड असलेला वेल छाटतात? हा देश उलटा आहे, आपल्याकडचा उन्हाळा तो इथला हिवाळा. इथं सहा महिने पुढचं काम करायचं. शिरलं डोक्यात?"

एप्रिल लागला आणि बटनच्या खोपटात ओकच्या फळांचा ढीग दिसला. बटन म्हणजे माझ्या नातीचं, गार्गीचं डुक्कर. होय, डुक्कर! पोरगी त्याला शेजारी घेऊन टीव्ही बघायची.

"शी, घाण," मी म्हणायचे.

"आजी, शी इज नॉट डर्टी!" पोरगी रडवेली व्हायची.

आमच्या आवारात ओकचं झाड नाही.

ऑक्टोबरची फरशी पाहिली. माणूस डुकरांना ओकची फळं चारतोय. म्हटलं, ऐकलं म्हणायचं बेट्यानं! मोठी खूश झाले.

मग शेजारची, नोव्हेंबरची फरशी पाहिली.

खाली डुक्कर. वर उगारलेली कुऱ्हाड.

आणि एप्रिलनंतर येणार होता मे...

एक मे. सकाळचे साडेसहा. इथं तेव्हा उजाडलेलं नसतं. मी चहा टाकत होते.

मागून आवाज आला... खर्र... खर्र...

कुऱ्हाडीला धार लावतात तसा.

बॅटरी घेऊन गेले. नोव्हेंबरच्या फरशीवर डुक्कर होतं.

माणूस नव्हता.

खोपटात बटन ओरडत नव्हतं. नुसतं थरथरत होतं.

आवाज थांबला... अगदी माझ्या पाठीशी.

सासूपुढंही कधी 'चुकलं' म्हटलं नाही मी. त्या सिमेंटच्या खुळ्यापुढं हात जोडले.

"चुकलं बाबा. तुझेच महिने खरे. तुझ्या महिन्यानं चाल."

डोळे मिटून तशीच उभी राहिले.

उजाडलं तेव्हा माणूस फरशीवर परत होता.

शिरीष म्हणाला, "अंधारात दिसला नसेल, आई." फरशा काढायला तयार नाही. मीच पहार घेऊन गेले, तर एकही फरशी हलली नाही. डुक्कर कुणाला तरी देऊन टाका म्हटलं, तर मेधा म्हणते, "आईंना ते पहिल्यापासूनच नको होतं." गार्गी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. कोण विश्वास ठेवणार? हिडीसफिडीस करणारी मीच ना!

आज एकवीस ऑक्टोबर. पोरगी अंगणात बटनला अंघोळ घालतेय. गाणं म्हणतेय.

नोव्हेंबर लागायला अकरा दिवस राहिलेत. आणि ही तारीख त्याला मीच देऊन बसलेय...