मी न लावलेलं कीर्तन

बिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही सवय मला नोकरीनं लावली. वीजबिलाच्या तक्रारी घ्यायच्या टेबलावर मी एकतीस वर्षं बसलो. भांडायला आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, आणि मग शांतपणे सांगायचं, "वापर तुमचाच आहे." बहुतेक वेळा ते खरंही असायचं. उरलेल्यांचं मी फारसं मनावर घेतलं नाही, हे आता कबूल करतो.

निवृत्त झाल्यावर तेरला येऊन राहिलो. सकाळी गोरोबाकाकांचं दर्शन, तेरणेच्या काठानं एक फेरी, आणि पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं. पुढं उभं राहायची माझी लायकी नाही आणि तशी हावही नव्हती. बुवा दृष्टांत सांगायला लागले की माझे डोळे भरून यायचे. विठाबाई, म्हणजे माझी बायको, त्यावरून अजून हसते.

श्रावणातल्या मोबाईलच्या बिलात एक नवी ओळ होती. कॉलर ट्यून सेवा, छत्तीस रुपये. मी अशी सेवा मागितली नव्हती.

आपल्या फोनची कॉलर ट्यून आपल्याला ऐकू येत नाही, फोन लावणाऱ्याला येते. म्हणून ईरण्णाला विचारलं. त्याचं सलून आहे, आणि तो आमच्या भजनी मंडळाचा मृदंग वाजवतो.

"मला वाटलं तुमीच हौसेनं लावली, दादा," तो म्हणाला. "कीर्तन वाजतंय की. आवाज लई मुरलेला हाय. बुवा कोण?"

"मला काय माहीत? तू सगळ्या बुवांना साथ केलीस, तूच वळख."

"त्येच तर." ईरण्णा हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "ठेका बी माझाच वाटतोय, दादा. पन ह्या कीर्तनाला मी कधी बसलो न्हाय."

घरी येऊन विठाबाईच्या फोनवरून माझाच नंबर लावला. आधी टाळ ऐकू आले, मग मृदंगाची थाप, आणि मग नमन संपवून निरूपणाला लागलेला आवाज. तो माझा आवाज होता. बोलताना माझा 'स' थोडा दातांत अडकतो, तोसुद्धा तसाच. फक्त तो आवाज घाबरत नव्हता. हजार माणसांपुढं उभं राहून सवय झालेल्या माणसासारखा बोलत होता.

मी फोन ठेवून पुन्हा लावला. कॉलर ट्यून दर वेळी पहिल्यापासून वाजते, एवढं मला ठाऊक होतं. ही मागच्या वेळी जिथं थांबली होती, तिथून पुढं सुरू झाली.

देवाघरी खोटं चालत नाही, म्हणून सांगतो: पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. लोक थांबवून म्हणायचे, काय गोड कीर्तन हाय हो. मी नाही म्हणायचो नाही. मान खाली घालून हसायचो.

तिसऱ्या दिवशी ढोकीच्या एका सोयऱ्यानं सांगितलं, आजकाल मशीनवर कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, आणि अशा सेवा गळ्यात मारून दुकानदार कमिशन खातात. माझं डोकं फिरलं. कारण आठच दिवसांपूर्वी मी फोनला काच बसवून घेतली होती, बसस्टँडजवळच्या उमाशंकरच्या दुकानात. तिथं काउंटरला महेश्वरी बसायची. तिशीची बाई, नवरा अंथरुणाला खिळलेला, सासू सिद्धम्मा थकलेली. तिघांचं घर तिच्या त्या एका नोकरीवर चालायचं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी गेलो.

सकाळचे अकरा वाजले होते. दुकानात सहासात माणसं होती. महेश्वरी कुणाच्या तरी फोनला काच चिकटवत होती.

"माझ्या फोनला तुझ्याशिवाय कुणी हात लावला?" मी विचारलं.

"काका, म्या फकस्त काच बसवली. महादेवाची आण."

"देवाला मधी आणू नको. असे किती म्हाताऱ्यांना लुटलंस आजवर?"

हे वाक्य माझं आहे. जसंच्या तसं लिहिलं आहे.

उमाशंकर गल्ल्यावरून उठला. माझ्या पांढऱ्या टोपीला, कपाळावरच्या बुक्क्याला गावात मान होता. तिच्या शपथेला नव्हता. "महेश्वरी, उद्यापास्नं येऊ नको," तो म्हणाला.  तिच्या हातातल्या काचेखाली एक बुडबुडा राहिला होता. तो तिनं अंगठ्यानं कडेपर्यंत सारत नेऊन काढला, फोन पुसून ज्याचा त्याला दिला, आपला डबा उचलला आणि गेली.

मी त्याच दिवशी कंपनीकडं रीतसर तक्रार केली. तक्रार क्रमांक घेतला, तारीख लिहून ठेवली. चार दिवसांनी एका मुलीचा फोन आला.

"सर, सेवा तुमच्याच होकारानं सुरू झालीये. सहा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. रेकॉर्डिंग आहे. ऐकवू?"

सहा तारखेला चार वाजता मी देवळात, कीर्तनात उभा होतो. दोन्ही हातांत टाळ, फोन बंडीच्या खिशात. काच त्यानंतर तीन दिवसांनी बसवली.

"ऐकवा."

आधी यंत्राचा आवाज आला, सेवा सुरू करायची का. मागं टाळ वाजत होते. मग मी अगदी सावकाश म्हणालो, "होय. माझंच लावा."

"वापर तुमचाच आहे, सर," ती मुलगी म्हणाली. मग तिला माझी दया आली असावी. "तरी तुमचं वय बघून पैसे परत करते, आणि सेवा बंद करते."

म्हणजे मी भांडण जिंकलो होतो. आणि महेश्वरीनं काही केलं नव्हतं, हे जगात तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

दुकान घरापासून पाच मिनिटांवर. उद्या जाऊ, असं ठरवलं. उद्या दुकानात गर्दी होती. परवा एकादशी होती. मग वाटलं, तिला दुसरीकडं काम मिळालंच असेल. मग कळलं की धाराशिवच्या एका दुकानात ती विचारायला गेली होती, पण तेरच्या चोरीची गोष्ट तिच्या आधी तिथं पोचली होती. ते ऐकून मला जेवण गेलं नाही. तरीही मी गेलो नाही. संध्याकाळी देवळात उभा राहून टाळ मात्र वाजवला.

त्या दिवसांत ईरण्णा माझी नजर चुकवू लागला. मला पाहून पारावरची बोलणी थांबायची. एकदा भाजीवाल्या शांताक्कानं माझ्या पिशवीत मूठभर जास्तीची कोथिंबीर घातली आणि पैसे घेताना हात मागं घेतला.

"ट्यून बंद झाली ना?" मी विठाबाईला विचारलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"बिलात नसंल. वाजती अजून."

"तू ऐकतीस?"

"समदं गाव ऐकतंय. दृष्टांत लागलाय." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "एक म्हातारा टाळकरी असतो. त्यो एका गरीब बाईवर आळ घेतो. कोणत्या दुकानात, काय बोलून, समदं येतंय त्यात."

 मी उंबऱ्यावर बसलो.

"कुठवर आलंय?"

"टाळकऱ्याला खरं कळतं, अन् त्यो गप बसतो. चार दिस झाले, तिथंच हाय. लावला फोन की त्येच. गप बसतो, गप बसतो. पुढं सरकंना." मग ती खूप हळू म्हणाली, "म्या वाट बघत हुते, तुमी कवा उठताव."

त्या दिवशीही मी उठलो नाही. लाज हे कारण होऊ शकतं का, मला ठाऊक नाही. माझं तेच होतं.

उठलो तो काल, मंगळवारी. आंघोळ केली, बुक्का लावला नाही, टोपी घातली नाही. दुकानात गेलो आणि दारातूनच, असतील तेवढ्यांना ऐकू जाईल असं बोललो. म्हणालो, उमाशंकर, त्या बाईनं काही केलं नव्हतं. मला पंधरा दिवस ठाऊक होतं. मी चोर ठरवलं तिला, आणि मग माझ्या अब्रूसाठी तिला चोरच राहू दिलं.

कुणी दचकलं नाही.

उमाशंकर उठला, पंखा माझ्याकडं वळवला. "बसा, काका. उभं ऱ्हाऊ नका."

"तू ऐकलंस ना, मी काय म्हणालो?"

"शनिवारीच ऐकलं, तुमच्या ट्यूनमधी. ह्याच शब्दांत." त्यानं मागं पाहिलं. "म्हणून तर रविवारी जाऊन हिला बोलावून आणलं."

आतल्या दारात महेश्वरी उभी होती.

मी हात जोडले. पायांशी वाकणार होतो, तर तिनं धावत येऊन माझे खांदे धरले. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर मी तिचा उपकार मानला असता. ती रडत होती.

"न्हाय, काका. असं करू नका. म्या माफ केलंय, कवाच."

"इतक्यात कसं करशील?"

ती उमाशंकरकडं बघत राहिली.

"शनिवारनंतर पुढं काय आलं?" मी विचारलं.

पंखा फिरत होता. काउंटरवरच्या माणसानं आपला फोन उलटा ठेवला.

"उमाशंकर, पुढं काय आहे त्यात?"

"संपलं, काका. कीर्तन संपलं ते."

"कुठं संपलं?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. महेश्वरीनं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला, आणि मी पिईपर्यंत तळाला आपला हात लावून धरला, लहान मुलासाठी धरतात तसा.

तिथंच तिच्या फोनवरून माझा नंबर लावून पाहिला. नुसती घंटी. साधी, सगळ्यांच्या फोनला असते तशी.

बाहेर पडताना उमाशंकरच्या शटरवर एक कागद चिकटवलेला दिसला. गुरुवारी दुकान बंद राहील. आमचा आठवडी सुट्टीचा वार तो नाही.

पुढं गिरणीच्या दारावरही कागद होता. गुरुवारी बंद. अक्षर वेगळं.

रसवंतीवर तसाच. ईरण्णाच्या सलूनवर खडूनं लिहिलं होतं. शांताक्काला लिहिता येत नाही. तिनं मला बघून आपल्या टोपलीवर पदर ओढला.

आज बुधवार आहे. माझी तब्येत उत्तम आहे, रक्तदाब सकाळीच तपासून आलो. कंपाउंडरनं पट्टा सोडताना माझा दंड दोन्ही हातांनी जरा जास्तच वेळ धरला. विठाबाई सकाळपासून अंगण सारवते आहे. एवढं मोठं अंगण कशाला सारवतेस म्हणालो, तर म्हणाली, माणसं बसायला लागतील.

बाकी कशाची भीती नाही. पण गुरुवार तेरचा बाजाराचा दिवस. हातावर पोट असलेली ही माणसं, माझ्यासारख्यासाठी सगळ्यांनी मिळून तो बुडवायचा ठरवलाय. नको म्हणून सांगायला आत्ता दारापर्यंत गेलो होतो. महेश्वरी सतरंज्यांचा गठ्ठा घेऊन आत येत होती.